किडनी नवी, आजार जुनाच

मार्चचा दुसरा गुरुवार 2006 पासून जगभर मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. मीठ कमी करा, साखर आणि रक्तदाब तपासत राहा, हा त्या दिवसाचा सांगावा रास्तच आहे. पण ज्यांना किडनी बसवून झाली, त्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही. ऑपरेशन पार पडले की गंगेत घोडे न्हाले, असे घरच्यांना वाटते. काहींच्या बाबतीत मात्र मूळ आजार नव्या किडनीतही डोके वर काढतो.

पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणातही हेच घडले. 23 डिसेंबर 1954 रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक यांची किडनी त्यांचे जुळे भाऊ रिचर्ड यांना बसवली. दोघे एकसारखे जुळे, त्यामुळे शरीर ती नाकारण्याची भीती नव्हती. रिचर्ड यांनी संसार केला, त्यांना मुले झाली. 1963 मध्ये ते गेले, तोवर जुना विकार भावाच्या किडनीतही उतरला होता. रोनाल्ड मात्र उरलेल्या एका किडनीवर 2010 पर्यंत जगले. म्हणजे दिलेल्या किडनीत खोट नव्हती.

एफएसजीएस या किडनीच्या आजाराच्या काही प्रकारांत रक्तातलाच घटक किडनीच्या गाळण्या बिघडवतो. तो नव्या किडनीला काही तासांत किंवा दिवसांतही गाठू शकतो. आयजीए नेफ्रोपॅथी हा किडनीचाच दुसरा आजार सावकाश, वर्षांनी परतते. प्रायमरी हायपरऑक्झॅल्युरिया या आजारात दोष यकृतात असतो, म्हणून केवळ किडनी बदलून भागत नाही. उलट, पॉलिसिस्टिक किडनीचा आजार नव्या किडनीत परतत नाही; पण तो आनुवंशिक असल्याने दाता भाऊ-बहीण असल्यास त्यांची कसून तपासणी हवी.

म्हणूनच आजाराचे नाव कळणे मोलाचे. आपल्याकडे अनेक रुग्ण दवाखान्याची पायरी चढतात तेव्हा किडन्या आक्रसलेल्या असतात. तेव्हा बायोप्सीतून फारसे हाती लागत नाही आणि फाइलवर नुसते ‘सीकेडी’, म्हणजे किडनीचा जुनाट आजार, एवढेच उरते. ते का झाले, ही ओळ कोरीच राहते. वेळेत केलेली लघवीची साधी तपासणी ही ओळ भरण्याची पहिली संधी असते.

प्रत्यारोपणानंतरही तपासणी वेळेत हवी, पण अंतर आड येते. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, तालुके 14. तिथल्या अकोले किंवा जामखेडच्या किडनी बसवलेल्या रुग्णाला पुण्याच्या डॉक्टरांकडे जायचे तर मजुरी बुडते आणि तपासणी पुढे ढकलली जाते. तेवढ्यात लघवीला फेस येऊ लागतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते. लघवीतले प्रथिन तालुक्याच्या लॅबमध्येही तपासता येते. ते लवकर सापडले तर प्लाझ्मा बदलणे, औषधांत फेरफार असे उपाय हाताशी असतात. सगळ्यांना गुण येतोच असे नाही, पण उशीर झाला तर ती संधीही जाते.

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी आहे. आजार परतला की ‘आईचीच किडनी कमकुवत निघाली’, ‘यानेच पथ्य पाळले नाही’ असे बोलले जाते. हा अन्याय आहे. दोष किडनी देणाऱ्याचा नसतो, आजार परतण्यात घेणाऱ्याचाही नसतो.

प्रत्यारोपण आजही डायलिसिसपेक्षा चांगले आयुष्य देते. भिऊन मागे हटू नये. मात्र ऑपरेशनआधी डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: माझ्या आजाराचे नाव काय, आणि तो परतू शकतो का? जुना बायोप्सी रिपोर्ट जपून ठेवा, आणि बरे वाटत असले तरी लघवीची तपासणी चुकवू नका.