पाठीचे ऑपरेशन झाल्यावर

मैत्रिणींनो, मणके जोडण्याचे ऑपरेशन करून बाई घरी आली, की शेजारणी म्हणतात, "सुटलीस गं बाई!" पण तिचा पाय अजून बधिरच, अन् रात्री पोटरीत गोळे येतात. ऑपरेशन फुकट गेले की काय, या विचाराने ती खचते. तसे नसते हो. दबलेली नस मोकळी झाली तरी सावरायला वेळ घेते, आणि हाड सांधायला कित्येक महिने लागतात.

बधिर पायाला चटका कळत नाही. तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. आंघोळीचे पाणी आधी हाताने पाहावे. घरातही चप्पल घालावी.

गोळा आला की आडवे पडून, जुन्या साडीचा पट्टा पावलाला अडकवून बोटे हळूच आपल्याकडे ओढावीत. कुशीवर वळताना खांदे व कंबर एकदमच वळवावी. एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर मात्र चोळू नका; डॉक्टरांना दाखवा.

खाली बसून भाकऱ्या थापणे, घागर उचलणे डॉक्टर सांगेपर्यंत बंद. आणि मिशरीसुद्धा! तंबाखूने हाड सांधायला अडथळा येतो.

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पायातले बळ गेले, तर लाजून गप्प बसू नका. सकाळची वाट न पाहता मोहोळहून थेट सोलापूरचे मोठे हॉस्पिटल गाठा. घरच्यांनाही हे आजच सांगून ठेवा.