मायकल मिसा: १३४ पॉइंट्सवरून काय समजायचं?

जून २०२५ मध्ये सॅन होजे शार्क्सने एनएचएल ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर मायकल मिसाला निवडलं. कॅनडाच्या या १८ वर्षांच्या फॉरवर्डने ज्युनियर लीगमध्ये ६५ सामन्यांत ६२ गोल आणि ७२ असिस्ट, म्हणजे १३४ पॉइंट्स मिळवले होते.

मग तो लगेच स्टार होणार? घाई नको. ज्युनियरमध्ये समोर बहुतेक विशीच्या आतली मुलं असतात. एनएचएलमध्ये कसलेले बचावपटू. २०२० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या अ‍ॅलेक्सिस लाफ्रेनियरने ज्युनियरमध्ये ५२ सामन्यांत ११२ पॉइंट्स केले होते. एनएचएलच्या पहिल्या हंगामात ५६ सामन्यांत फक्त २१. चौथ्या हंगामात तो ५७ वर पोहोचला.

मिसाची जमेची बाजू म्हणजे संघात मॅकलिन सेलेब्रिनी आहे; सगळा भार एकट्यावर नाही. पहिल्या वर्षी गोल मोजण्यापेक्षा त्याला किती मिनिटं खेळवतात, ते पाहा.