शेवटचा तुकडा विकू नका

2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. मुंबई-पुणे जवळ आलं आणि मळवली, भाजे, कार्ल्याकडं बंगल्यासाठी जमीन मागणारं गिऱ्हाईक थेट बांधावर येऊ लागलं. लग्न, आजारपण, कर्ज अंगावर असताना जमीन विकणाऱ्याला दोष देता येत नाही. पण हिशेब पुरा करा.

सगळी जमीन विकली की सातबारावरचं नाव जातं. मग शेतकरी म्हणून मिळणारं पीककर्ज आणि पीएम-किसानचे वर्षाचे 6000 रुपयेही जातात. 1948 च्या कूळकायद्यातील कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. उद्या पोरानं शेती घ्यायची म्हटली, तर त्याला पुरावे शोधत फिरावं लागेल.

वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचा इंद्रायणी तांदूळ शहरात वासावर खपतो. साळ व्यापाऱ्याला घालण्यापेक्षा गट करून भरडा, तांदूळ विका. शासनानं रस्ता दिला; आता गिरणी आणि गोदामही द्यावं. सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा. पैसा संपतो, शेत दरसाल पिकतं.