टायरमधली हवा : निघण्यापूर्वीची दोन मिनिटे

ईद झाली, लग्नसराई सुरू झाली, की कर्जत-खालापूर भागातली बरीच कुटुंबे गाडी काढून नातेवाइकांकडे पुण्याला निघतात. कर्जतहून खोपोलीपर्यंत वेग बेताचाच असतो. टायरमध्ये हवा कमी असली तरी तिथवर ते फारसे जाणवत नाही. पण पुढे द्रुतगती मार्गाच्या सपाट पट्ट्यात वेग ताशी १०० किलोमीटरच्या घरात गेला, की तीच कमी हवा जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे : सिमेंटचा रस्ता, वर कडक ऊन, टायर तापून फुटेल, म्हणून हवा चार-पाच पौंड कमीच ठेवावी. आम्ही वाचकांना सांगू इच्छितो की, होते ते नेमके उलटे. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जास्त दबते. या सततच्या दबण्यानेच टायर आतून तापतो, त्याचे थर सुटू लागतात आणि तो फुटतो. त्यात सात माणसे आणि टपावर सामान असेल, तर हा ताण आणखी वाढतो.

मग हवा किती भरायची? बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो. अनेक स्टिकरवर कमी माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा आकडा दिलेला असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरू नये. जादा हवेने टायरची रस्त्यावरची पकड कमी होते, आणि आपल्याकडच्या पावसात ते परवडणारे नाही.

हवा सकाळी, टायर थंड असताना, घराजवळच्या पंपावर तपासावी. गाडी पळाल्यावर आकडा तीन-चार पौंडांनी वाढलेला दिसतो. हे स्वाभाविक आहे, स्टिकरवरचा आकडा थंड टायरचाच असतो. म्हणून वाटेत थांबून ही वाढलेली हवा सोडू नये. टायर वापरात नसला तरी महिन्याला साधारण एक पौंड हवा कमी होतेच. तेव्हा महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी चारही चाके तपासावीत. स्टेपनी विसरू नये, आणि व्हॉल्व्हची टोपणे पुन्हा घट्ट बसवावीत.

एवढे करूनही टायर फुटलाच, तर ब्रेक जोरात दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरावे, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा आणि वेग उतरल्यावर गाडी डावीकडे घ्यावी. घरात जे जे गाडी चालवतात, त्या सर्वांना हे आजच सांगून ठेवावे.