प्रोप्रायटर म्हणे!

मुखपृष्ठं करणाऱ्या, लग्नपत्रिकांची अक्षरं काढणाऱ्या, दुकानांसाठी लोगो बनवणाऱ्या माणसाला हल्ली एक सल्ला फुकट मिळतो : 'आधी फर्म रजिस्टर करा.' फर्म काढली की म्हणे क्लायंट दबकून वागतो, बँक उठून खुर्ची देते आणि पैसे वेळेवर येतात. मी फर्म काढली. सगळी कागदपत्रं झाली, फाइल जाडजूड झाली. म्हणून स्पष्टच सांगते, एकट्या कलाकाराच्या फर्मच्या नावावर जो कागदांचा बाजार मांडलाय, त्यात खऱ्या उपयोगाचा कागद एकच आहे. आणि नेमका तोच बाहेर काढायला आपण कलाकार घाबरतो.

मुळात एजंट एक गोष्ट सांगत नाहीत. प्रोप्रायटरशिप रजिस्टर करण्याचा म्हणून आपल्याकडे कायदाच नाही. फर्मला स्वतंत्र अस्तित्व नाही. पॅन तुमचाच, नफा तुमचाच, कर्जही तुमचंच. कंपनी बुडाली तर कंपनी बुडते. प्रोप्रायटर बुडाला तर फ्लॅटसकट बुडतो. फर्मचं गोंडस नाव तरी आपलं होतं का? तेही नाही. त्यासाठी ट्रेडमार्कचा वेगळा अर्ज, एका वर्गाला ऑनलाइन साडेचार हजार रुपये फी. उद्या शेजारच्या गल्लीत कुणी त्याच नावाची पाटी लावली, तर तुमचं शॉप ॲक्टचं प्रमाणपत्र त्याला अडवू शकत नाही.

तेही प्रमाणपत्र 'लायसन्स' म्हणून विकलं जातं. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार थोडेच कामगार असलेल्याने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. नोंदणीचा दाखला मोठ्यांसाठी. माझ्या आस्थापनेत कामगार शून्य, मालकीण एक. तरी 'गुमास्ता काढून देतो' म्हणत हजार-दोन हजार मागणारे गल्लोगल्ली बसलेत. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या उद्यम नोंदणीचं तर विचारूच नका. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी पूर्ण मोफत आहे. आधार, पॅन आणि स्वतःची माहिती एवढ्यावर होते. पण सरकारी वाटाव्यात अशा रंगरूपाच्या खासगी वेबसाइट 'शासकीय शुल्क' या नावाखाली राजरोस पैसे घेतात. नोंदणी झाल्यावर फोन सुरू होतात : 'मॅडम, तुमचं सर्टिफिकेट अपडेट पेंडिंग आहे.' माझा नंबर यांना दिला कोणी, हे विचारलं की फोन कट.

त्या उद्यममधली वर्गवारीही बघण्यासारखी आहे. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटी गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल इथपर्यंत सगळे 'सूक्ष्म'. म्हणजे दोन कोटींची छपाईयंत्रं असलेला प्रेसवाला आणि एक टॅब, चार बोरू आणि शाईच्या बाटल्या घेऊन बसलेली मी, दोघं सरकारच्या लेखी भावंडं!

मग बँक. चालू खात्यासाठी फर्मच्या नावाचे दोन पुरावे लागतात, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. दोन देणं खरंच अशक्य असेल, तर बँक खातरजमा करून एकावरही खातं उघडू शकते, हेही त्याच नियमात लिहिलंय. पण काउंटरवर ही दुसरी ओळ कुणाला पाठ नसते. मी दोन्ही दिले. मग साहेब म्हणाले, "शिक्का आणा." अप्पा बळवंत चौकातल्या शिक्केवाल्याने पाच मिनिटांत करून दिला : वर 'फॉर' अमुकतमुक, खाली 'प्रोप्रायटर', मधे सहीला जागा. आडवी ओळ वाकडी, 'र' मोडका. मी म्हटलं, अक्षरं मी काढून देते. तो म्हणाला, "ताई, बँकेला असलाच चालतो." अक्षरांवर पोट असलेल्या बाईच्या धंद्याची अधिकृत ओळख ही!

शिक्क्यानंतर जागेची तपासणी. एक तरुण मुलगा आला आणि दारावरच्या पाटीचा फोटो मागू लागला. पाटी नव्हती, कारण सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी 'रहिवासी इमारतीत धंद्याची पाटी चालणार नाही' असं बजावलं होतं. बँकेला पाटी हवी, सोसायटीला नको. शेवटी कार्डशीटवर ब्रशने नाव लिहिलं, मुलाने दाराशी धरून फोटो काढला, आणि काका जिना चढून यायच्या आत मी ते घरात नेलं. या सोंगाला म्हणे व्यवसायाची पडताळणी म्हणतात.

करांचं थोडक्यात. महाराष्ट्रात व्यवसाय कराचे वर्षाला अडीच हजार भरायचे, त्याबद्दल तक्रार नाही. जीएसटीसाठी सेवेची मर्यादा वीस लाखांची. आमच्यातले बहुतेक तिथवर कधी पोचतच नाहीत, तरी मोठे क्लायंट 'जीएसटी नंबर नाही? मग आमच्या सिस्टिममध्ये बसत नाही' म्हणून मोकळे. संताप येतो तो आयकराचा. १९६१च्या कायद्यात ठरावीक व्यवसायांना, जमेच्या निम्मा नफा दाखवा आणि हिशेबाच्या वह्यांतून सुटा, अशी सवलत दिली गेली. त्या यादीत वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट, इंटिरिअर डेकोरेटर, इतकंच काय, सिनेमाचा ड्रेस डिझायनरही आहे. पुस्तकाचं चित्र काढणारा मात्र त्यात नावानिशी सापडत नाही. एक सीए म्हणतो तुमचा व्यवसाय, दुसरा म्हणतो धंदा. पण क्लायंट बिलातून दहा टक्के कापतो तेव्हा बेधडक 'प्रोफेशनल फी' म्हणूनच कापतो. कापताना मी व्यावसायिक. सवलतीच्या वेळी मात्र यादीत नाव शोधत बसायचं.

आता तो एक कागद, उद्यमचा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायला हवं, असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रार याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे न्यायची. परिषदेने रक्कम मंजूर केली आणि देणेकऱ्याला त्या निकालाविरुद्ध कोर्टात जायचं असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. वर आयकरातल्या नव्या तरतुदीने अशी थकीत बिलं त्या वर्षीच्या खर्चात धरणंही बंद केलं. तेव्हा २०२४च्या सुरुवातीला व्यापारी संघटनांनी 'मुदत वाढवा' म्हणून जो गहजब केला, त्यावरूनच या कायद्याचे दात कुणाला लागतात ते कळतं.

मान्य, परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो आणि तारखा मात्र त्याहून लांब जातात. पण आपण तिथवर जातो तरी कुठे? एका संस्थेकडे माझं मुखपृष्ठाचं बिल अडकलं होतं. पुस्तक छापून, प्रकाशन समारंभ होऊन, शाल-श्रीफळ वाटूनही अकाउंट्सवाले 'साहेब टूरवर आहेत' म्हणत होते. व्याजाचा हिशेब जोडून पत्र धाडलं, तेव्हा साहेब टूरवरून परतले. आणि माझ्याच व्यवसायातल्या मित्राने फोन करून मला ऐकवलं, "अगं, असं पत्र पाठवलंस? आता ते पुन्हा काम देणार नाहीत."

हेच ते. स्वतःच्या ब्रँडचा रंग ठरवायला महिना घालवतील, लेटरहेडचा कागद बोटांनी चाचपून निवडतील, इन्स्टाग्रामवर 'फाउंडर' लिहितील. पण पैसे मागताना मात्र 'सर, जमल्यास बघाल का' असं मिंधं होऊन लिहितील. फुकट्या क्लायंटला लाज नाही हे खरं, पण त्याला ती वाटू नये याची व्यवस्था आपणच करून ठेवली आहे. जो पैसे बुडवतो तो पुन्हा काम देणार नाही, याची भीती कसली?

तेव्हा फर्म काढाच, पण एजंटला एक छदामही देऊ नका. उद्यम क्रमांक बिलावर छापा, ठळक, स्वतःच्या सुरेख अक्षरात. काम सोपवलं त्या तारखेची ईमेल जपून ठेवा. आणि मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी व्याजाचं पत्र धाडा. त्यावर तो मोडक्या 'र'चा शिक्का उमटवायला विसरू नका.