उंच गाडीचा कागद मागा

दोन इंच उंच केलेली थार किंवा जिमनी आता पुण्या-नाशिकच्या रस्त्यांवर रोज दिसते. स्पेसर किंवा उंच स्प्रिंग, मोठे टायर, टपावर लाइटचा बार, असा सगळा साज चढतो आणि सर्वात शेवटी, बहुधा सर्वात घाईने, अलाइनमेंट उरकले जाते. गाडी जवळच्या टायरच्या दुकानात जाते, मशीनच्या पडद्यावर दोन आकडे हिरवे होतात आणि पावती हातात येते. त्या पावतीच्या भरवशावर तीच गाडी दुसऱ्या दिवशी एक्स्प्रेस वेवर ताशी १०० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर, धावते. हा भरवसा पोकळ आहे, आणि तो गाडीत बसलेल्यांच्याच नव्हे, समोरून येणाऱ्याच्याही जिवाशी खेळणारा आहे.

अलाइनमेंटमध्ये चाकाचे तीन कोन पाहायचे असतात. चाके पुढून आत वळली आहेत की बाहेर, हा टो. समोरून पाहताना चाक किती कलले आहे, हा कॅम्बर. आणि बाजूने पाहताना चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष मागे किती झुकला आहे, हा कॅस्टर. दुकानात बहुतेक वेळा टो तेवढा लावतात, कारण टाय रॉड फिरवला की तो लगेच बदलतो. टोचे महत्त्व कमी नाही. दोन्ही चाके अर्धा-अर्धा अंश आत वळलेली राहिली, तर दर किलोमीटरला प्रत्येक चाक जवळपास पावणेनऊ मीटर आडवे घासले जाते. काही हजार किलोमीटरांत टायर एका कडेने खाल्लेला दिसतो तो यामुळे.

पण गाडी उंच केल्यावर खरा घात होतो तो कॅस्टरचा. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, त्याचीही मदत होऊन हात सैल सोडले तरी ती सरळ जाते. मोटारीत तेच काम कॅस्टर करतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येते ते प्रामुख्याने त्याच्या जोरावर. जिमनीला पुढे अखंड ॲक्सल आहे आणि तो लांब आर्मनी चासीला जोडलेला आहे. चासी वर उचलली की हे आर्म खाली झुकतात, त्यांच्याबरोबर ॲक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. शहरात स्टिअरिंग हलके लागते, मालक खूश होतो. वेग वाढला की गाडी तरंगल्यासारखी भटकू लागते, आणि कधी एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके थडथडायला लागतात. शिवाय ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड तिरका झाल्यामुळे अख्खा ॲक्सल थोडा एका बाजूला सरकतो. यातले काहीही टाय रॉड फिरवून सुटत नाही. त्यासाठी कॅस्टर भरून काढणारे बुश किंवा वेगळे आर्म, आणि लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड लागतो.

२०२० साली आलेल्या नव्या थारची गोष्ट वेगळी. तिची पुढची चाके स्वतंत्र आहेत, प्रत्येकाला वरचा आणि खालचा आर्म आहे. स्पेसर टाकला की दोन्ही आर्म खाली कलतात. दोघांची लांबी सारखी नसल्यामुळे चाकाचा कल बदलतो, बहुधा कॅस्टरही घटतो, बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे जोड त्यांच्या हद्दीच्या टोकाला जातात. डाव्या-उजव्या चाकांत फरक राहिला तर गाडी एका बाजूला ओढते: कॅस्टर ज्या बाजूला कमी, त्या बाजूला. अशा वेळी मिस्त्रीने टायर अदलाबदल करून पाहायला सांगितले, तर आधी दोन्ही बाजूंच्या कॅस्टरचे आकडे विचारावेत.

हे आकडे मोजले गेले की नाही, हे मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता येते. सर्वसाधारण मशीनवर कॅस्टर मोजायचा तर पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर ठेवून डावीकडे आणि उजवीकडे ठरावीक अंश वळवावी लागतात. तेवढे केलेच नाही, तर कागदावर कॅस्टर कोरा तरी असतो किंवा त्याला काही अर्थ नसतो. दुसरी खूण स्टिअरिंगची. सरळ रस्त्यावर ते वाकडे दिसले की काही ठिकाणी ते काढून दोन दाते फिरवून पुन्हा बसवतात. ही निव्वळ फसवणूक आहे. स्टिअरिंग किती वळले हे ईएसपीला, म्हणजे गाडी घसरू लागली की सावरणाऱ्या यंत्रणेला, एका सेन्सरकडून कळते. गाडी सरळ चालली असताना तो सेन्सर वळण सांगत राहिला, तर ईएसपी नको तेव्हा ब्रेक लावू शकते. स्टिअरिंग मध्यावर आणायचे ते खालच्या रॉडची लांबी जुळवून, आणि नंतर सेन्सरचा शून्य पुन्हा लावून घेऊन.

क्रमही पाळायला हवा. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर टांगलेली असताना आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. ते गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे. मग थोडी गाडी चालवून स्प्रिंगा बसू द्यायच्या, टायरमधली हवा तपासायची, नंतर अलाइनमेंट. पाचशे ते हजार किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचे.

‘ऑफरोडची गाडी आहे, थोडे इकडेतिकडे चालते,’ असे सांगणारे अनेक भेटतात. सह्याद्रीतली चिखलवाट दोन-चार तासांची असते. तिथवर जायचे आणि रात्री परतायचे ते ताम्हिणीच्या किंवा वरंध्याच्या घाटातून, पावसात, मागे कुटुंब बसलेले असताना. त्या वेळी स्टिअरिंगने चालकाचे ऐकायलाच हवे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने रोखला आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तरीही उंची वाढवण्याचे किट खुलेआम विकले जातात, आणि अडकतो तो बहुधा मालक. म्हणून किट विकणाऱ्याने आणि बसवणाऱ्याने आपली जबाबदारी झटकता कामा नये. काम घेण्यापूर्वी कायद्याची जोखीम ग्राहकाला सांगावी, उंची वाढवण्याआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच कागदावर द्यावेत, आणि अलाइनमेंट व त्यासाठी लागणारे आर्म-बुश पहिल्याच दरपत्रकात धरावेत. ‘ते नंतर बघू’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये.

गाडी आधीच उंच करून घेतली असेल, तर या आठवड्यात ती चांगल्या दुकानात न्या. चाके तबकडीवर वळवून घ्या आणि चारही चाकांचा छापील कागद मागा. टो आणि कॅस्टर कंपनीच्या हद्दीत हवेत, कॅम्बर डावी-उजवीकडे सारखा हवा. योग्य भाग घालूनही आकडे हद्दीत येत नसतील, तर स्पेसर काढून गाडी मूळ उंचीवर आणा, आणि तोवर ती महामार्गावर नेऊ नका.