अब्बांची पंच्याहत्तरी आणि कापडाची थीम



मे महिन्याच्या सुट्टीत तीन वाचक भगिनींनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. घरात कुणाची तरी साठी किंवा पंच्याहत्तरी आहे, मुलं ‘थीम पार्टी’ करू या म्हणतात, हॉल परवडत नाही आणि घर लहान आहे, तर काय करावं? आमच्याही घरात तेव्हा हेच चाललं होतं. 1 जून 2025 रोजी माझ्या अब्बांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. म्हणजे कागदावर झाली. तेव्हा या महिन्याचं सदर त्या संध्याकाळीविषयी, आमच्या चुकांसकट.

वाढदिवस करावा की करू नये, यावर आपल्या घराघरांत मतं वेगळी आहेत. जे करत नाहीत त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. आमच्याकडे मेणबत्त्या फुंकत नाहीत. दुआ होते आणि सगळे मिळून जेवतात. एवढं सांगून पुढे जाते.

पहिला घोळ तारखेचा. शाळेत मी सतरा वर्षं जनरल रजिस्टर हाताळते आहे. जुन्या पानांवर 1 जून ही जन्मतारीख इतक्या वेळा दिसते, की जणू निम्मा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला. कारण साधं आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईवडिलांना मुलाची तारीख ठाऊक नसायची, आणि मास्तर वयाचा अंदाज घेऊन 1 जून लिहून मोकळे व्हायचे. कोकणात गावच्या उर्दू शाळेत अब्बांचंही तेच झालं. दादी मात्र ठामपणे सांगायची, की हा पोरगा रमजान ईदच्या चाँदरातीला, धो धो पावसात जन्मला. लहानपणी मी तिला विचारायचे, एवढ्या पावसात चाँद दिसला कसा? ती म्हणायची, “चाँद तुझ्या दादाने पाहिला, मी कशाला पाहते तेव्हा!”

मी हिशोब करून पाहिला. 1948 ते 1951 या चारही वर्षी रमजान ईद जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे भर पावसातच आली होती. तेव्हा वर्षही पक्कं होत नाही. 1950 धरलं तर ईद जुलैच्या मध्यावर येते. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून चाँदाच्या हिशोबाने अब्बा 2025 च्या जूनमध्ये सत्त्याहत्तर वर्षांचे होऊन गेले होते. त्यांची हिजरी पंच्याहत्तरी 2023 च्या रमजान ईदेलाच झाली, आणि त्या दिवशी आम्ही त्यांच्याकडून ईदी घेऊन घरी आलो होतो!

चाळीतल्या शेजारच्या ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आमच्यात एक्क्याऐंशीला सहस्रचंद्रदर्शन करतात, तोही चंद्राचाच हिशोब.” त्यांचे हजार चंद्र म्हणजे सूर्याच्या हिशोबाने साधारण ऐंशी वर्षं दहा महिने, आणि आपले हजार हिजरी महिने म्हणजे त्र्याऐंशी वर्षं चार महिने. दिवस दोन्हीकडे तेवढेच. शेवटी आम्ही 1 जूनच धरला, कारण तो रविवार होता आणि बकरी ईद पुढच्या शनिवारी होती.

आता थीम. माझ्या भावाचा मुलगा बी.कॉम.ला आहे. त्याने उत्साहाने ‘गिरणी’ ही थीम ठरवली. अब्बा मिलमधले साळखात्यातले कामगार. परळच्या चाळीतली आमची खोलीही त्याच नोकरीच्या जोरावर घेतलेली. कल्पना सुचली कुठून, तर फिनिक्सच्या मॉलमधून. तिथे जुन्या मिलची चिमणी अजून उभी आहे, आणि आजूबाजूच्या मिलच्या आवारांत हॉटेलं झाली आहेत. पोराचा बेत असा होता: पुठ्ठ्याची चिमणी, हजेरीच्या कार्डासारखी आमंत्रणं, आणि अब्बा खोलीत आले की मोबाइलवर मिलचा भोंगा. एका पार्टीवाल्याने जेवण सोडून या सजावटीचे बावीस हजार सांगितले. मला रक्कम जास्त वाटली, पण कल्पना मलाही आवडली होती, हे कबूल करते. अब्बांना विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. ‘सरप्राइज’ होतं ना!

भोंगा वाजवून पाहायचा म्हणून एका दुपारी पोराने तो लावला. अब्बा आतल्या बाजूला आडवे झाले होते. ते ताडकन उठून बसले, खमिसाच्या खिशावर हात ठेवला, इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाले, “बंद कर ते.” एवढंच. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अम्मीने मला फोन करून बोलावून घेतलं. संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला तेव्हा मी आठ महिन्यांची होते. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो नुसता विरत गेला. हे मी वर्गातही शिकवते. अम्मीने सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. पुढे काही कामगारांना परत घेऊ लागले, तेव्हा अब्बा रोज पहाटे भोंगा झाला की गेटवर जाऊन उभे राहायचे. खिशात मिलचा पास असायचा. चार महिने ते गेले. त्यांचं नाव कधीच पुकारलं गेलं नाही. मग मदनपुऱ्यात बॅगांच्या कारखान्यात त्यांनी शिलाईचं काम धरलं आणि म्हातारपणापर्यंत तेच केलं.

पोराला हे सांगितलं तर तो रडकुंडीला आला. पार्टीच रद्द करू या म्हणाला. मी म्हटलं, “रद्द कशाला? आधी विचारू तरी.” भगिनींनो, माझ्या मते सगळ्या बेतातली ही एकच पायरी चुकवू नये. ज्याचा दिवस आहे त्याला निदान महिनाभर आधी, निवांतपणे, काय नको ते विचारावं. काय हवं ते आपले बुजुर्ग सांगत नाहीत. ‘काही नको’ म्हणतात. काय नको हे मात्र बरोबर सांगतात.

अब्बा म्हणाले, “चिमणी नको. चिमणी मालकाची. कापड लावा, कापड आम्ही विणलं.”

आणि अम्मीने पोटमाळ्यावरच्या ट्रंकेतून गोधडी काढली. सणासुदीला मिलच्या दुकानातून सवलतीत घेतलेल्या कापडाचे आमचे कुडते, परकर, उशांचे अभ्रे झाले, आणि ते विरल्यावर त्यांची ही गोधडी. आमची थीम ठरली. ‘कापड’.

आमंत्रण तोंडी दिलं. प्रत्येकाला एवढंच सांगितलं, की भेटवस्तू आणू नका. घरातलं एक जुनं कापड आणा, संध्याकाळपुरतं. पाहुण्यांची यादी अब्बांना शेजारी बसवून केली, तेव्हा आमच्या यादीतले अकरा जण गळले आणि आम्हाला ठाऊकच नसलेले सात जण आत आले.

खोली एकशे ऐंशी चौरस फुटांची आणि माणसं अठ्ठेचाळीस. ज्यांची घरं अशीच आहेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. पलंग आणि टीव्ही शेजारच्या ताईंकडे हलवला. खोलीत फक्त सतरंज्या, गॅलरीत भाड्याच्या वीस खुर्च्या. गॅलरीबद्दल मजल्यावरच्या प्रत्येक घरी आठवडाभर आधी जाऊन विचारलं. परवानगीपेक्षा कुणाच्या घरी आजारी माणूस नाही ना, हे कळतं. त्या वर्षी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत येऊन थडकला, म्हणून गॅलरीला ताडपत्री बांधली. बुजुर्ग अस्रनंतर चहाला, बाकीचे मगरिबनंतर, आणि जेवणाच्या सोळा-सोळाच्या तीन पंगती. गोधडी मोठ्या भिंतीवर, आणि दोन भिंतींमध्ये सुतळ्या. चाळीच्या चुन्याच्या भिंतींवर चिकटपट्टी टिकत नाही, तो खटाटोप करू नका. सुतळी आणि सेफ्टी पिना पुरतात. दादरच्या फुलबाजारातून पहाटे मोगरा आणला. फुगे नाहीत.

येणारं प्रत्येक कापड सुतळीवर जाई आणि शेजारी मुलांनी लिहिलेली चिठ्ठी: कुणाचं, कुठलं, कधीचं. चिठ्ठ्या मराठीत आणि उर्दूत. शिक्षिका असल्याने या भागाचा मला जरा जास्तच आनंद झाला. खालांनी त्यांच्या निकाहानंतरची खटाव व्हॉइलची साडी आणली. एका चाचींनी फिनलेच्या मलमलीची ओढणी, शेजारच्या ताईंनी सासऱ्यांचं धोतर. कुणी शाळेची खाकी चड्डीसुद्धा आणली, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त गर्दी झाली. पोरं आधी हसली. मग ‘व्हॉइल म्हणजे काय’ विचारू लागली, आणि अब्बा उठून साडी बोटांत धरून ताणा-बाणा समजावू लागले. एवढं बोलताना मी त्यांना क्वचितच पाहिलंय.

एक गोष्ट आमच्या बेतात नव्हतीच. अब्बांच्या यादीतले एक तात्या, मिलमधले जुने सोबती, खाली येऊन थांबले. गुडघे धरलेले, तिसरा मजला चढणं शक्य नव्हतं. बुजुर्गांना बोलावताना जिन्याचा विचार मी करायला हवा होता. अब्बांनी भिंतीवरची गोधडी सोडवून घेतली, खाली गेले आणि जिन्याखाली दोन खुर्च्या टाकून बसले. अर्ध्या तासाने निम्मी पार्टी खालीच होती.

तात्यांनी कापड आणलं नव्हतं. पिशवीतून त्यांनी एक लाकडी बॉबिन काढलं. म्हणाले, “आमच्याकडे सूतच. वडील रिंग खात्यात, मीही रिंग खात्यात. साळखात्यात आमच्या लोकांना घेत नव्हते.” पोरांना कळेना. तेव्हा अब्बांनी हाताने दाखवलं: धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. त्याच धोट्याला दुसऱ्याचं तोंड लागणार, म्हणून पूर्वी तिथे दलित कामगार चालत नसत, आणि साळखात्यात पगार जास्त होता. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला होता. हे मी पुस्तकात वाचलेलं. जिन्याखाली बसून ऐकलं पहिल्यांदाच. अब्बा म्हणाले, “इतकी वर्षं एका गेटने आत गेलो. मी कधी विचारलं नाही तुला.” तात्या म्हणाले, “विचारलं असतंस तर सांगितलं असतं.” मग दोघांनी चहा मागवला.

जेवणात कोंबडी आणि दालचा-चावल केलं होतं. मटण मुद्दाम टाळलं, आठवड्यावर कुर्बानी होती. शाकाहारी पाहुण्यांसाठी ताईंनी त्यांच्याच घरी, त्यांच्याच भांड्यांत काळ्या वाटाण्याची आमटी आणि वडे केले. गोडाला अम्मीचं सांदण, नारळाच्या दुधासोबत. नातवंडांच्या हट्टासाठी छोटा केक आणला. तो अब्बांनी खाल्ला नाही, सांदण दोनदा घेतलं. सगळा खर्च सांगते, कारण तुम्ही तो विचारणारच. जेवण 7,400, केक 600, फुलं 450, खुर्च्या 300, सुतळी-पिना-कार्डशीट 310. एकूण 9,060 रुपये.

परक्यांची कापडं सांभाळणं मात्र जोखमीचं. एका वहीत प्रत्येकाची नोंद ठेवली होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळी बिनचूक परत गेली. पण तुम्ही कराल तेव्हा सुतळ्या जेवणाच्या जागेपासून लांब बांधा. आमच्या शेवटच्या पंगतीत कुणाच्या तरी हातून दालचा सांडला तो नेमका खालांच्या साडीच्या पदरावर. मी लगेच थंड पाण्यात बुडवून ठेवली, घरी नेऊन दोनदा हाताने धुतली, सावलीत वाळवली. डाग फिकट झाला, गेला नाही. चाळीस वर्षं जपलेली साडी. ती परत द्यायला माझगावला जाताना बसमध्ये मी काय काय बोलायचं ते ठरवत होते.

खालांनी पदर उजेडात धरून पाहिला, साडीची घडी घातली, कपाटात ठेवली आणि विचारलं, “दालच्यात कैरी घातली होतीस की चिंच?”